भिंतीकडे तोंड करून

"हा मीटर मुका झाला बघ," हे म्हणाले आणि मीटरची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून मला दाखवू लागले. "आकडा येतोय, पण आवाज काही नाही."

मीटर ठणठणीत वाजत होता. तार कुठे तुटलेली नाही हे सांगणारा त्याचा तो बारीक, चिलटासारखा आवाज मला खोलीच्या या टोकाला ऐकू येत होता. मी वायरींची टोकं सोलत बसले होते. हातातला चिमटा खाली ठेवला आणि म्हणाले, "हो का? जुना झालाय, दुसरं काय."

पण पुढची वायर सोलताना ती मी मधूनच तोडली.

आमचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. हे इलेक्ट्रिक गिटारींच्या पोटातलं काम करतात. गिटार वरून कितीही नटवलेली असो, तिचा आवाज कसा येणार ते आतल्या चार वायरी, दोन-तीन घुंड्या आणि एका कॅपॅसिटरवर बरंचसं ठरतं. कॅपॅसिटर म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी वस्तू. टोनची घुंडी खाली उतरवली की आवाजातली किती धार जायची, ते तो ठरवतो. मोठा लावला तर जास्त जाते, छोटा लावला तर थोडी. बाकीचे कारागीर ठरलेला आकडा बघतात, लावतात आणि मोकळे होतात. आमच्याकडे हा सोहळा असतो.

हे गिटार मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसणार. गिटारच्या पोटातून दोन लांब वायरी मागे माझ्या टेबलापर्यंत आणलेल्या, त्यांच्या टोकांना चिमटे. मी एकेक कॅपॅसिटर चिमट्यांत धरायचा, हे घुंडी उतरवून तोच एक तुकडा वाजवणार. कुठला लावलाय ते मी सांगायचं नाही. "आकडा कळला की कान खोटं बोलतो," हे यांचं ब्रह्मवाक्य. मनासारखा लागला की फक्त "हा" म्हणणार. मग तो मी यांच्या हातात द्यायचा आणि यांनी तो कायमचा सोल्डर करायचा. वाजवणारी मंडळी यांना कानवाले म्हणतात ती उगीच नाही.

लग्न झालं तेव्हा मला गिटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणूनच चिमटे हिच्या हाती दिले, असं हे चारचौघांत सांगतात. मी म्हणते, दगडाला रोज तेच ऐकवलं तर तोही एक दिवस मान डोलवायला लागेल.

त्या भिंतीवर, अगदी यांच्या नाकासमोर, काळ्या तबकडीचं एक घड्याळ आहे. बंद पडून युगं लोटली. निदान सेल तरी घाला, नाहीतर काढून टाका, म्हणून मी किती डोकं फोडलं. "असू दे गं, ते काय खायला मागतंय?" हे ठरलेलं उत्तर.

तर मीटर. बोलणं यांना नीट ऐकू येत होतं, पण असे बारीक, धारदार आवाज कानांतून निसटायला लागले होते. यांचा हात थरथरायला लागला असता तर सोल्डर मी केलं असतं. नजर अधू झाली असती तर जाड भिंगाचा चष्मा आणला असता. पण कानवाल्याचे कानच गेले तर त्याच्याकडे उरतं काय? सांगायला माझी जीभ रेटेना. शिवाय माझं तोंड म्हणजे काचेचं कपाट, आतलं सगळं बाहेरून दिसतं, असं सासूबाई म्हणायच्या. म्हणून त्या दिवसापासून मी काम करताना चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही.

आणि मग गिटारी परत यायला लागल्या.

आधी शाळेतल्या संगीताच्या मास्तरांची आली. ते भिडस्त, "जरा बघता का" एवढंच म्हणाले. मग लग्नासमारंभात वाजवणारी ती बँडवाली आली. तिच्याकडे भीडबीड काही नसते.

"काका, राग मानू नका, पण आवाज कानात सुई टोचल्यासारखा येतोय. टोन पार खाली उतरवला तरी टोच जात नाही. परवा स्टेजजवळच्या म्हाताऱ्या उठून मागे जाऊन बसल्या."

"असं होणार नाही," हे म्हणाले.

"झालंय ना पण! संध्याकाळी येते. बघून ठेवा."

ती गेल्यावर हे बराच वेळ गिटारच्या मागचं झाकण उघडून आत बघत राहिले. मग स्टूल ओढून भिंतीकडे तोंड करून बसले. मी चिमटे हातात घेतले.

पहिला मोठा लावला. यांनी वाजवलं, मान हलवून नको म्हणाले. दुसरा मधला. तो खरा सुरेख लागत होता, धार गेलेली पण गोडवा राहिलेला. यांची मान पुन्हा नको म्हणाली. तिसरा छोटा, तोच सुईसारखा. "हा," हे म्हणाले.

मी तोंड दगडासारखं ठेवलं. पण हाताने मात्र ऐकलं नाही. यांच्या तळहातावर मी मधला ठेवला.

यांनी तो बोटांत फिरवला. सोल्डरची गन तापली होती, ती परत स्टँडवर ठेवली.

"मी छोट्याला हा म्हटलं होतं."

"आकडा मी सांगितलाच कुठे? तुम्हाला कसं कळलं?"

"हल्ली मी दरवेळी छोट्यालाच हा म्हणतो. बाकी सगळे मला घोंगडं पांघरल्यासारखे वाटतात." यांनी मीटर पुढे ओढला आणि टोकं टेकवली. माझ्याकडे बघत विचारलं, "वाजतोय?"

माझ्याने खोटं बोलवेना. "वाजतोय."

"तेव्हाही वाजत होता?"

"हो."

हे रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. नुसते उठले, स्टुलावरची धूळ तळहाताने पुसली आणि म्हणाले, "बस."

"मी? मला कुठे वाजवता येतं?"

"मोकळ्या तारा छेड. चिमटे मी धरतो."

मी गिटार मांडीवर घेऊन बसले. भिंतीवर, यांचे गुडघे लागून लागून, रंग उडालेले दोन ठिपके होते. त्यांवरच माझे गुडघे टेकले. मान वर केली तर समोर घड्याळ. आणि काळ्या तबकडीवरच्या काचेत माझ्या मागचं टेबल, दिवा आणि टेबलामागे यांचं तोंड.

"अहो! इथून दिसतं की सगळं!"

"दिसतं."

"म्हणजे इतकी वर्षं मी काय लावते ते बघत होतात? लबाड कुठले!"

"एवढासा कॅपॅसिटर त्यात कुठला दिसतोय? तोंड दिसतं फक्त." यांनी घसा खाकरला. "कान सांगायचेच. पण दोघांत अडलं की मी तुझ्याकडे बघायचो. मनासारखा लागला की तुझ्या भुवया खाली यायच्या. तुला कळायच्याही आधी."

माझा हात आपसूक भुवयांकडे गेला.

"हल्ली तुझं तोंड काही सांगतच नाही," हे म्हणाले. "मला वाटलं, कंटाळलीस."

मला रडूच फुटलं. यांनी ते काचेत बघितलं असणार, पण पाठीमागून एवढंच म्हणाले, "चल, ती येईल संध्याकाळी. घुंडी उतरव."

मी डोळे पुसले, घुंडी उतरवली, तारा छेडल्या. एक टोचला. एक गुदमरलेला. मग चिमट्यांची खुडबुड झाली, मी पुन्हा तारा छेडल्या, आणि गोड, गोल आवाज खोलीभर पसरला.

"हा," मी म्हणाले.

काचेत मला दिसलं, यांनी डोळे मिटून हळूच मान डोलावली, अगदी माझ्याइतकंच स्पष्ट ऐकू आल्यासारखी.