चिंचेनं घासलेल्या नळ्या

उदगीरच्या एका कॉलेजात, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये, गुरम्मा एकतीस वर्षं काचेच्या नळ्या धूत आली होती. तिच्या हातची नळी डाग आहे म्हणून कुणी कधी परत केली नव्हती. याचा तिला गर्व होता, आणि का नसावा? एप्रिलअखेर ती रिटायर होणार होती. निरोपाच्या कार्यक्रमात प्राचार्यांनी म्हणावं, 'एकतीस वर्षांत एक चूक नाही', एवढीच तिची हौस उरली होती. त्या दिवसासाठी नवं इरकल लुगडं पेटीत घडी करून ठेवलं होतं.

पण ते साल होतं दोन हजार सोळा. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, आणि उदगीरात टँकर आठ दिवसांनी आला तर नशीब. त्यात चाकूरची करुणा कशावर पीएचडी करत होती? तर समुद्रातल्या शेवाळावर! सगळं कॉलेज हसायचं. पोरगी मात्र जिद्दीची. रत्नागिरीहून तिनं लाल शेवाळ आणलं, सावलीत वाळवलं, त्यातला लाल रंग काढून मोजला. आता त्याची ताकद मोजायची राहिली होती, शरीराला आतून गंज चढू न देण्याची. ते कसं मोजतात हे तिनं गुरम्माला भाकरी खाता खाता समजावलं होतं. एक जांभळं औषध असतं, त्यात शेवाळाचा अर्क टाकायचा. जेवढा जांभळा रंग उडून पिवळा होईल, तेवढी ताकद जास्त.

शुक्रवारी दुपारी करुणा मशीनपुढून ओरडतच उठली.

"मावशी, चौऱ्याण्णव! शंभरात चौऱ्याण्णव टक्के रंग उडाला!"

तिनं गुरम्माला मिठी मारली, घरी फोन लावला, चौकातून पेढे आणले. सोमवारी नांदेडला मोठ्या लोकांपुढं हा आकडा वाचायचा होता. पेढा खाऊन गुरम्माही खुशीत आवरायला लागली. उरलेल्या जांभळ्या औषधाचा घोट तिनं मोरीतल्या वाटीत ओतला. वाटीत चिंचेचा कोळ होता.

बघता बघता जांभळा रंग पिवळा पडला.

"अय्यो शिवा!" गुरम्मा मटकन स्टुलावर बसली.

पाणी नव्हतं म्हणून आठवडाभर ती नळ्या चिंचेनं घासत होती. घरची पितळी भांडी घासतो तशाच. वरून एकदाच पाणी फिरवायचं, तेही चुळीएवढं. तुलनेसाठी ठेवलेली, शेवाळ न घातलेली साधी नळी, जिच्यातला रंग तसाच राहिला होता, ती नव्या खोक्यातली होती. शेवाळाच्या नळ्या तेवढ्या तिच्या हातच्या. म्हणजे ताकद शेवाळाची न्हाई, चिंचेची!

गप्प बसली असती तर कुणाला कळलं असतं? कुणालाच न्हाई. उद्या सत्कार, की रिटायर. पण नांदेडला पोरगी खोटा आकडा वाचणार, आणि उद्या दुसऱ्या कुणी तोच प्रयोग केला तर पोरीचंच नाक कापलं जाणार. गुरम्मानं उठून करुणाला वाटी नेऊन दाखवली.

करुणाचा चेहरा पडला. पेढ्याचा पुडा तिनं हळूच बाजूला सारला. मग म्हणाली, "परत करू. पण नळ्या तीनतीनदा धुवाव्या लागतील. पाणी कुठून आणायचं?"

"ते माझ्यावर सोड."

शनिवारी सकाळी गुरम्मा घरच्या पिंपातली शेवटची घागर डोक्यावर घेऊन आली. नव्या लुगड्याचा पदर खोचून तिनं एकेक नळी तीनदा धुतली, वरून लॅबचं शुद्ध पाणी फिरवलं आणि उजेडात धरून बघितली. करुणानं प्रयोग लावला. अर्ध्या तासानं मशीननं सांगितलं, एक्केचाळीस.

"लई कमी झालं की गं," गुरम्मा कासावीस झाली.

"वाईट न्हाई, मावशी. आणि खरं हाय." करुणा खरंच हसत होती. मग आवाज खाली आणून म्हणाली, "चिंचेचं कुणाला सांगू नका. आज तुमचा दिवस. झाकली मूठ राहू द्या."

बारा वाजता कार्यक्रम सुरू झाला. उदगीर वेगळा जिल्हा होणार म्हणजे होणारच, यावर प्राचार्यांची दहा मिनिटं गेली. हे भाषण गुरम्माला पाठ होतं. मग ते तिच्याकडं वळले.

"एकतीस वर्षं! आणि या बाईंच्या हातून एकही चूक नाही!"

टाळ्या पडल्या. याच वाक्याची तिनं इतकी वाट बघितली होती, आणि आता ते ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. करुणा मागून मान हलवून 'नको नको' करत होती. गुरम्मा हार सावरत उभी राहिली.

"सर, एक हाय. याच आठवड्यात केली. पाणी नव्हतं म्हणून नळ्या चिंचेनं घासल्या, अन् या पोरीचा आकडा चुकला. आज परत केला, बरोबर आला."

प्राचार्यांनी हातातल्या कागदाकडं पाहिलं, गुरम्माकडं पाहिलं आणि घसा खाकरला.

"बरं, मग असं म्हणतो. एकतीस वर्षांत एक चूक."

"हाव सर," गुरम्मा खाली बसत समाधानानं म्हणाली. "आता मोजमाप बरोबर झालं."