गिरिजा विहिरीवरून उठली

तमन्नाचं काम पडद्यावर कुठंच दिसत नसे. कादंबरीचा चित्रपट करायचा, तर कुठलं पात्र ठेवायचं, कुठली दोन पात्रं मिळून एक करायची, लेखकानं चार पानं भरून लिहिलेलं दुःख एका नजरेत कसं आणायचं, हे सगळं ती दिग्दर्शक शीलाबरोबर बसून ठरवी. श्रेयनामावलीत तिचं नाव यायचं तेव्हा लोक खुर्च्यांवरून उठून निघालेले असत. पण तिला ते काम मनापासून आवडायचं.

ती मूळची ढाणकीची. तिचे अब्बा वाहिद मिस्त्री यांचं तिथं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान. त्यामुळे तिथून जवळच्याच फुलसावंगीच्या किसनरावांच्या कादंबरीवर चित्रपट ठरला, तेव्हा शीलानं मुंबईहून सगळ्यात आधी तिलाच जागा बघायला पाठवलं.

किसनराव निवृत्त मराठी शिक्षक. आयुष्यात त्यांनी एकच कादंबरी लिहिली, पण ती टिकली. तिचा शेवट वाचकांच्या तोंडी होता. सासरच्यांनी हाकललेली आणि माहेरानंही दार लावून घेतलेली गिरिजा तुरीच्या वावरातल्या विहिरीत उडी घेते. कॉलेजात असताना तमन्ना ते प्रकरण वाचून रडली होती. चित्रपटही तिथंच संपणार होता.

किसनरावांनी तिला ती विहीर दाखवली. काठ दगडी, खाली हिरवं पाणी, भोवती कमरेच्या वर गेलेली तूर. तमन्नानं मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढले. परतताना किसनराव दळण घ्यायला चक्कीवर थांबले. चक्की चालवणारी बाई साठीच्या आसपासची, केसांवर, भुवयांवर पीठ बसलेलं.

"हेच काय मुंबईची पोरगी?" तिनं विचारलं. "विहीर पाहून आली?"

"हो मावशी. शेवट तिथंच घेणार आहोत."

"म्हणजे माह्या मरणाचा."

आपल्या ऐकण्यात काही चुकलं असं तमन्नाला वाटलं. बाई हसली. "गिरिजा म्हणजे मीच न, बाई. तानाबाई माहं नाव."

किसनराव अवघडले. "ताना, कादंबरी हाय ते. गिरिजा येगळी, तू येगळी."

"येगळी असती तं लोकं मले विहिरवाली काहून म्हणते, गुर्जी?" तानाबाई रागानं बोलत नव्हती. पिठाचा डबा तिनं त्यांच्या हातात दिला आणि पुढचं दळण घेतलं.

त्या रात्री तमन्ना ढाणकीला घरी गेली, पण तिच्या डोक्यातून ते जाईना. दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटीच चक्कीवर आली. गिऱ्हाईक नव्हतं. तानाबाईनं चक्की बंद केली आणि तिला पोत्यावर बसवलं.

"मावशी, त्या दिवशी खरं काय झालं होतं?"

"हे मले आजलोक कोणी विचारलं नाई," तानाबाई म्हणाली. थोडा वेळ ती पदरानं हात पुसत राहिली. "गेलती मी विहिरीवर. खोटं कायले सांगू? मरायलेच गेलती. बाप म्हणे, मेली तरी तिकडंच मर, इथं येऊ नको. काठावर बसली अन् पाण्याकडं पाहत राह्यली. सकाळपासून पोटात कायी नव्हतं. हात सहज बाजूच्या तुरीकडं गेला. शेंगा भरलेल्या व्हत्या. एक सोलली. मंग दुसरी. लय गोड दाणा व्हता त्या साली. मरायचं व्हतं, पण भूक काही थांबेना. खाता खाता रडणं कवा थांबलं, मले समजलं नाई. मंग सडकेवर महागावच्या गाडीचा आवाज आला. उठली अन् जाऊन बसली गाडीत. महागावले माही बहीण व्हती."

"आणि गावात?"

"कोणी तरी मले विहिरीकडं जाताना पाह्यलं व्हतं, तं गावात विहिरीत गळ टाकून माहं प्रेत शोधून राह्यले व्हते." आता ती हसली. "गुर्जी तवा नवीन मास्तर व्हते. तेबी तिथं उभे व्हते म्हणे. मंग काही सालं त्याईची बाहेर बदली झाली. मी बहिणीपाशी चक्की शिकून वापस आली, तवा त्याईचं पुस्तक छापून आलतं अन् मी मेलती."

तमन्ना ढाणकीला परतली ती थेट लिहायला बसली. बाहेर अब्बा कुठल्याशा ट्रॅक्टरचं इंजिन पुन्हा पुन्हा सुरू करून बघत होते. लिहून झालेलं दृश्य जेमतेम दीड पानाचं होतं आणि त्यात एकही संवाद नव्हता. तिनं ते शीलाला पाठवलं.

संध्याकाळी शीलाचा फोन आला. "छान लिहिलंयस. पण तमन्ना, अख्खी कादंबरी त्या विहिरीकडे चालत जाते. लोक तोच शेवट बघायला येणार."

"लोक विहिरीपर्यंत येतीलच, मॅडम. आपण त्यांना तिथून पुढे नेऊ."

शीलानं पलीकडे कागद चाळले. मग म्हणाली, "करारात लिहिलंय, लेखकाच्या संमतीशिवाय शेवट बदलता येणार नाही. त्यांनी हो म्हटलं तर मी हेच दृश्य घेईन."

तमन्नानं तानाबाईला हे सांगितलं तेव्हा ती लगेच चप्पल घालून निघाली. "चाल, मीबी येतो," ती म्हणाली.

किसनराव ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांनी दृश्य वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कागद घडी करून परत दिला. "नाही जमणार. गिरिजाचं मरण हाच त्या पुस्तकाचा सवाल हाय. तिले जिवंत ठेवलं, तं समाज सुटून जाते. लोकं म्हणतील, झालं ना तिचं बरं, मंग कायची फिकीर? शेंगा खाऊन दुःख संपते का?"

त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

"दुःख नाई संपलं, गुर्जी," तानाबाई म्हणाली. ती ओसरीच्या पायरीवर बसली होती. "बापानं मरेपर्यंत मले घरात घेतलं नाई. सासरच्याईनं भांडीबी वापस देल्ली नाई. ते सारं दाखवा न पिक्चरात. कोणाले सोडू नका. पण एक सांगतो. माही भाची हाय, गंगी. बारावीत तुमचं पुस्तक होतं तिले. आता सासरी कटकट झाली का माह्याकडं येते अन् म्हणते, आत्या, मीबी गिरिजासारखी विहीर जवळ करतो. मी तिच्यापुढं उभी असतो, गुर्जी. चक्की चालवून राह्यली असतो. पण तिले मी दिसत नाई, तिले गिरिजा दिसते."

किसनरावांनी पुन्हा पेपर उचलला. आतून त्यांच्या बायकोनं, विमलताईंनी चहा आणला. तो सगळ्यांनी प्यायला. निघताना तमन्नानं कागद ओसरीवरच राहू दिला.

पुढचे दिवस ती ढाणकीत नुसती वाट बघत होती. शीला विचारत होती, जुनं दृश्य धरून तयारी सुरू करायची का. अब्बांनी जेवताना एकदाच विषय काढला. "नाई म्हणले तर?"

"तर जुनाच शेवट होईल, अब्बा."

"और तू?"

"मी तोही नीट लिहीन. काम आहे ते."

अब्बांनी तिच्या ताटात अजून एक भाकरी ठेवली.

किसनरावांचा फोन एका सकाळी आला. आवाज थकलेला वाटत होता. "मी काल विहिरीवर जाऊन बसलो व्हतो," ते म्हणाले. "लय वेळ बसलो. इतक्या वर्षांत तिथं मी उभा राह्यलो, लोकांले दाखवली, पण बसलो कधी नव्हतो. तुमचा सीन घ्या. माही सही घेऊन जा. फक्त एक करा. बापानं दार लावलं ते कमी करू नका."

"एक ओळही कमी करणार नाही, सर."

जानेवारीत शेंगा भरल्या आणि सगळं पथक फुलसावंगीत उतरलं. गिरिजाचं काम दिपाली नावाची नागपूरची नाटकातली मुलगी करत होती. विहिरीच्या काठावर ती बसली, पाण्याकडे बघत राहिली, आणि मग तिचा हात तुरीकडे गेला. पहिली शेंग तिनं न बघताच सोलली. दुसरी बघून सोलली. मग ती खातच राहिली, गालावरचं पाणी पुसायचंही विसरून. ठरलेला वेळ उलटून गेला तरी शीलानं थांबा म्हटलं नाही. दूरवर गाडीचा आवाज झाला. दिपालीनं मान वळवली, लुगडं झटकलं आणि उठली.

तमन्ना मॉनिटरसमोर उभी होती. शेजारी तानाबाई आणि गंगी. तानाबाई पडद्याकडे बघत होती, गंगी मात्र आत्याकडे.

"आत्या," गंगीनं हळूच विचारलं, "तू खरंच इतक्या शेंगा खाल्ल्या व्हत्या?"

"याच्यापेक्षा जास्त. ते पोरगी तं लाजून खाऊन राह्यली."

गंगीला हसू आलं, आणि हसता हसता तिनं आत्याचा दंड घट्ट धरला. तो तिनं बराच वेळ सोडला नाही. तमन्नानं तोंड फिरवलं. तिचेही डोळे भरून आले होते, पण कॉलेजात ती जशी रडली होती तसं हे नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत शीला ताट घेऊन तिच्याजवळ आली. "पुढच्या कादंबरीची पटकथा तू लिही," ती म्हणाली. "मी नंतर बसेन तुझ्याबरोबर." तमन्ना फक्त हो म्हणाली. अब्बांना फोन करायला ती गर्दीतून बाजूला, सडकेकडे निघाली.

चक्कीवरून जाताना तिला किसनराव दिसले. ते दारात स्टूल टाकून बसले होते आणि आत दळत असलेल्या तानाबाईला मोठ्यानं काहीतरी विचारत होते. चक्कीच्या आवाजात त्यांचं एक अक्षर आत पोचत नव्हतं.

"काय म्हणता?" तानाबाईनं कानाला हात लावला.

"म्हणलं, महागावले उतरल्यावर काय झालं? पहिल्या दिवशी?"

तानाबाईनं डब्यातल्या गव्हाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "लंबी गोष्ट हाय ते, गुर्जी. एवढं दळण व्हऊ द्या. मंग सांगतो."

किसनरावांनी मान हलवली आणि स्टूल थोडं सावलीत सरकवून घेतलं.