तुळईवर तीनदा कोरलेले नाव

मित्रांनो, मी एक जुने नाव आहे. फ्रीडहेल्म. हजाराहून अधिक वर्षांपूर्वी जर्मन मुलखातल्या लोकांनी दोन शब्द जोडून मला घडवले. 'फ्रीड' म्हणजे शांतता, 'हेल्म' म्हणजे शिरस्त्राण. ज्याला मी मिळेन त्याच्या डोक्याला इजा होऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

ओस्टरकांप घराण्यात मी तीन पिढ्या नांदलो. थोरल्या मुलाला मी मिळे आणि दारावरच्या तुळईत मला कोरले जाई. तो मेला तर नावाशेजारी क्रूस कोरत आणि पुढच्या मुलाला मलाच देत. म्हाताऱ्या फ्रीडहेल्मचा थोरला मुलगा पहिल्या महायुद्धात खंदकात मारला गेला. मग धाकट्याच्या मुलाला मी मिळालो. दुसऱ्या महायुद्धात, अठराव्या वर्षी, सरकारने त्याला खरे शिरस्त्राण दिले, आणि तो रशियाच्या बर्फात राहिला. मला माझ्या अर्थाची लाज वाटू लागली.

युद्ध संपल्यावर दोन वर्षांनी, बेचाळिसाव्या वर्षी, त्याच्या आईला, गेझीनेला, पुन्हा मुलगा झाला. पाळण्याशी ती त्याला हळूच 'मेनो' म्हणे. इकडे म्हाताऱ्याने तुळईवर कोरायच्या पटाशीला धार लावली.

"सूनबाई, रविवारी बाप्तिस्मा. नाव ठरलेलंच आहे."

"नको, मामंजी. दोन पोरं गेली या नावाची."

"पोरं लढाईनं नेली. नावाचा काय दोष? घरची रीत आहे ती!"

"तुमची रीत पोरं गिळते आणि ढेकरसुद्धा देत नाही!" बटाटे सोलता सोलता गेझीने कडाडली. तिचा नवरा उठून बाहेर निघून गेला.

चर्चमध्ये बाळाला हातात धरून नाव सांगायचा मान आजोबांचा. गेझीने मागे उभी होती. पाद्रीबाबांनी नाव विचारले. पाण्यासाठी बाळाचे टोपडे काढले होते आणि त्याची मऊ टाळू लुपलुपत होती. म्हातारा त्या टाळूकडे बघतच राहिला. मी त्याच्या जिभेवर येऊन थांबलो होतो. 'मला उच्चारू नकोस' असे मला ओरडून सांगायचे होते, पण नावाला कुठला आवाज?

"मेनो," म्हातारा पुटपुटला.

घरी येऊन त्याने तेच तुळईवर कोरले. अक्षरे वाकडी आली. पुढे म्हातारा वारला, आणि त्या घरात मला कोणी हाक मारली नाही.

मित्रांनो, गेलेल्यांची नावे जरूर जपा. पण ती कोवळ्या टाळूवर ठेवण्याआधी त्या बाळाच्या आईला एकदा विचारा. मेनो आता स्वतः आजोबा झाला आहे. म्हाताऱ्यानंतर त्या घराण्यात मी राखलेले ते एकच डोके, आणि त्यावर मी कधी बसलोच नाही.