घोड्याचा केस

सक्करदऱ्याचे नत्थूजी तांगा हाकायचे, पण मोहल्ल्यात त्यांचा मान होता तो घोड्याच्या शेपटीमुळे. कुणाला चामखीळ आली की तो त्यांच्याकडे यायचा. नत्थूजी शेपटीचा एक केस उपटून चामखिळीला घट्ट बांधून द्यायचे आणि आठ-दहा दिवसांत ती गळायची. पैसे घेत नसत. तारीफ मात्र पोटभर ऐकून घेत.

त्यांची धाकटी बहीण पंचफुला जन्मापासून भुरी. केस पांढरे, कातडी पांढरी, उन्हात डोळे उघडायची पंचाईत. नवरा गेल्यापासून बिचारी बाजारात उघड्यावर भाजी विकायची. बेचाळिसाव्या वर्षी तिच्या कानाच्या वरच्या कडेला खरखरीत खपली धरली आणि तिच्यातून शिंगासारखा कडक कोंब निघाला. नत्थूजींनी पाहिलं न पाहिलं आणि केस बांधला. कोंब गळला. मग काय, तांग्यात बसेल त्याला ही कथा ऐकावीच लागे.

चार महिन्यांनी कोंब परत आला, बुडाशी जाड होऊन. पुन्हा केस. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यातून रक्त येऊ लागलं. या वेळी नत्थूजींनी केस न बांधता तिला तांग्यात घालून थेट मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती दिवसांपासून आहे? नत्थूजींनी शेपटीसकट सगळं कबूल केलं. बाई रागावल्या नाहीत, तेच त्यांना जास्त लागलं. ही चामखीळ नव्हेच, बाई म्हणाल्या. हिच्या कातडीत रंग नाही, म्हणून ऊन सरळ आत भिनतं. वर्षानुवर्षांच्या उन्हाने अशा खपल्या येतात आणि एखादीचा पुढे कॅन्सर होतो. केसाने वरचा कोंब पडत होता, मूळ मात्र आत वाढत होतं. तुकडा काढून तपासला, तर कॅन्सरच निघाला.

कानाची वरची कड कापावी लागली. रोग मानेत उतरला नव्हता, म्हणून पंचफुला वाचली. आता उन्हात बसायचं नाही आणि नवी खपली दिसली की लगेच यायचं, असं बाईंनी बजावलं.

घरी आल्यावर नत्थूजींना तिच्या कानाकडे पाहवेना.

"माह्याच हातानं उशीर झाला वं, पंचफुले."

"तू काहून रडून राहिला, दादा? दवाखान्यात तूच त आणलं मले."

या बोलण्याने त्यांना आणखीच भरून आलं. इतकी वर्षं परक्या लोकांना सावलीत बसवून ते रोज तिच्यासमोरून गेले होते. ती तिथेच उन्हात बसलेली असायची, आणि ते लगाम धरल्या हाताने तिला नुसती खूण करून पुढे जायचे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तांग्यावरचा कापडी टप सोडवला आणि बाजारात चार बांबू रोवून पंचफुलेच्या डोक्यावर ताणला. मग उघडाच तांगा घेऊन स्टँडवर उभे राहिले.

पहिलंच गिऱ्हाईक बसता बसता कुरकुरलं, "नत्थूजी, तांग्याची सावली कुठी गेली गा?"

"जिची होती तिले देली," नत्थूजी म्हणाले. "लय उशिरा देली."