अंगठ्याची जागा

कॅमेऱ्यावरून जुन्या कातड्याचे एकूण पाच तुकडे निघाले. पुढचे दोन, कडेचे दोन आणि पाठीचा एक. चार जवळजवळ अखंड आले. पाठीचा मात्र रापी लावताच खारी बिस्किटासारखा फुटला. तिहामीने चार तुकडे नमुन्यासाठी बाजूला ठेवले आणि पाठीचा भुगा कातरणीच्या पोत्यात झटकला.

"काका, अगदी नवा दिसला पाहिजे हं," बहिजा दुकानाच्या पायरीवरून म्हणाली. "आई दिवसभर मांडीवर घेऊन बसते. हात काळे, चादर काळी. परवा तर पावावरसुद्धा भुगा!"

"तुझ्या बापाला किती वर्षं सांगत होतो, कातडं बदलून देतो म्हणून. म्हणायचा, नको, तू त्याचा ग्रंथ बांधून ठेवशील."

बहिजा हसली. तिचा बाप, तिहामीचा भाऊ गाली, जाऊन आठ महिने झाले होते.

मोरोक्कोतल्या फेसच्या जुन्या शहरात तिहामी लहानपणापासून बकऱ्याचं कातडं तासत आला होता. ग्रंथ बांधणारे त्याच्याकडूनच कातडं नेत, आणि त्या गल्लीचा नियम एकच होता : दुरुस्तीला आलेली वस्तू परत जाताना तिला कधी कुणाचा हात लागलाच नव्हता असं वाटलं पाहिजे. वापराची खूण राहिली, तर काम अर्धवट. त्याने काळं कातडं तासून जाडी आठ दशांश मिलिमीटरवर आणली, कारण त्याहून जाड झालं तर पाठीचं झाकण बसलं नसतं. शुक्रवारी भावाच्या घरी कुसकुस जेवायला गेला, तेव्हा कॅमेरा रुमालात बांधून बरोबर नेला.

वहिनीला, रकियाला, काचबिंदूमुळे दिसत नसे. तिने कॅमेरा ओंजळीत घेतला. उजवा अंगठा पाठीवर गेला, थांबला, पुन्हा फिरू लागला.

"हा कुणाचा, भावजी?"

"कुणाचा म्हणजे? गालीचाच."

"म्हाताऱ्या बाईची थट्टा करता होय? याला तर चपलांच्या दुकानाचा वास येतोय."

"नवं कातडं चढवलंय, वहिनी."

रकियाचा अंगठा अजून शोधत होता. "इथं एक खळगा होता," ती म्हणाली. "ह्यांचा अंगठा बसून बसून पडलेला. मी तिथं अंगठा ठेवून बसायचे."

"अगं आई, मग सांगायचंस ना मला!"

"सांगायचं काय त्यात? नवऱ्याचा हात धरलाय, हे कुणी सांगतं का?"

तिहामी ताट तसंच टाकून, कॅमेरा उचलून दुकानात आला. पोतं रिकामं होतं. गल्लीतली कातरण हमामचा भट्टीवाला आदल्या संध्याकाळीच न्हाणीघराचं पाणी तापवायला घेऊन गेला होता. घरी जाऊन त्याने फोटोंची पेटी उपसली. बागेच्या फाटकाशी उभं राहून फोटोग्राफर गालीने अर्ध्या शहराचे फोटो काढले होते. कॅमेरा हातात धरलेला गाली मात्र एकाही फोटोत नव्हता.

मग त्याने स्वतःच कॅमेरा डोळ्याला लावला. अंगकाठी सारखीच; पाठमोरे दिसले की लोक दोघा भावांत गफलत करत. आपला अंगठा जिथं टेकला तिथं त्याने खडूने खूण केली, पाठीचं कातडं सोडवलं आणि त्या जागी ते आतून तासलं, तीन दशांशापर्यंत. पुन्हा चिकटवून दाबलं, तेव्हा वरून खळगा दिसू लागला. खरंच कुणीतरी जन्मभर अंगठा ठेवल्यासारखा.

मंगळवारी त्याने कॅमेरा रकियाच्या मांडीवर ठेवला. तिचा अंगठा सरकत गेला आणि खळग्यात उतरला.

"केवढी मेहनत घेतलीत, भावजी!"

"बसतोय ना?"

"बसतोय की. छान बसतोय."

बहिजाने पुदिन्याचा चहा ओतला. रकिया बाजाराबद्दल, शेजारणीच्या सुनेबद्दल बोलत राहिली. बोलता बोलता तिचा अंगठा खळग्यातून निघाला, थोडा वर गेला आणि तिथल्या सपाट कातड्यावर थांबला.

"तिथं होता का, वहिनी?"

"अं?" तिने अंगठा घाईने परत खळग्यात नेला. "नाही हो. आहे हेच बरं आहे."

"खरं सांगा."

"ह्यांची करंगळी वाकडी होती ना," ती हळूच म्हणाली. "खालून आधार धरता यायचा नाही, म्हणून अंगठा जरा वर. तुम्ही कुठं लक्षात ठेवणार एवढंसं?"

करंगळी मोडली, त्या दिवशी तिहामी गच्चीवर गालीच्या शेजारीच उभा होता.

चहा संपला. गादीला टेकल्या टेकल्या रकियाला डुलकी लागली. अंगठा पुन्हा वर सरकला होता. तिहामीने खिशातून पितळी पट्टी काढली आणि तिचा हात न हलवता खळग्याच्या मध्यापासून तिच्या अंगठ्याच्या मध्यापर्यंत धरली.

नऊ मिलिमीटर.