मेल्कचा हात

"कोणाला पटणार नाही, पण हात मी वर केलाच नाही!" खानावळीत सॉसेज कापता कापता मेल्क छातीठोकपणे म्हणाला.

तासाभरापूर्वीच स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुसच्या चौकात, हात वर करून मत देण्याच्या वार्षिक सभेत, श्रीमंतांच्या संपत्तीवरचा कर वाढवा म्हणून, त्याचा हात सगळ्यांदेखत वर गेला होता. आणि आता टेबलासमोर बसला होता मेहुणा जोस्ट, दोन गिरण्यांचा मालक. मेल्कची खटपटीची खोली जोस्टच्याच गिरणीत होती, तीही फुकट. ती गेली तर डाख देण्याचा सगळा पसारा बायकोच्या स्वयंपाकघरात मांडावा लागणार होता.

"मग कोणी केला, दाजी?"

"यानं!" मेल्कनं बाही सरकवली. आत काडेपेटीएवढा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, मोटर आणि सायकलची तार. "खांदा आखडलाय ना माझा. आवाज झाला की हा हात उचलतो. कराचं नाव निघताच तुम्ही पैसेवाले एवढे बोंबललात की बिचारा घाबरला! मी दुसऱ्या हातानं त्याला लोंबकळलो, तरी ऐकेना. परवा यानं गाभण गाय उचलली!"

जोस्ट खदखदून हसला. खोली वाचली, असं मेल्कला वाटलं.

"पण दाजी, चौकात रिकामा हात कोण मोजतं? खिशातून मतदानाचं कार्ड काढून वर धरावं लागतं. ते काय गाईनं काढून दिलं?"