टाकीत उरलेलं पाणी

"पाणीचोरी सापडली. तळमजल्यावरचं कनेक्शन आज तोडणार." शशिकलाताईंनी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. खाली पटापट अंगठे उमटत होते. नवीन पनवेलच्या त्या इमारतीत दुपारनंतर नळांतून नुसती हवा यायची, आणि सेक्रेटरी म्हणून सगळे त्यांनाच धारेवर धरायचे.

हिशेब त्यांनी स्वतः केला होता. ए विंगला अर्धी टाकी चढते, बी विंगला एक तृतीयांश. वर एक नि एक दोन, खाली दोन नि तीन पाच. म्हणजे गेलं दोन पंचमांश. निम्म्याहून जास्त पाणी उरायला हवं, आणि टाकीचा तर तळ दिसतोय! टाकीचं झाकण तळमजल्यावरच्या फरहाच्या खिडकीखाली, त्यात तिचा जेवणाच्या डब्यांचा धंदा. आणखी पुरावा कशाला?

प्लंबर अविनाश पाना घेऊन उभा होता. "ताई, तोडू का नाय?"

"कसम से ताई, एक बादलीसुद्धा काढली नाही मी," फरहा दारातून म्हणाली. "पाणी तोडलंत तर डबे बंद. घर कशावर चालवू?"

"मी काय करू? हिशेबच सांगतोय," शशिकलाताई म्हणाल्या.

"कुठला हिशेब? बघू." निवृत्त विज्ञानशिक्षिका अबीगेलबाई जिना उतरत होत्या. त्यांनी कागद पाहिला. "शशी, दोन पंचमांश अर्ध्याहून कमी असतात. एकटी ए विंगच अर्धी टाकी नेते. मग बी विंगने काय पाणी परत ओतलं?"

अविनाशला हसू आवरेना. शशिकलाताईंचे कान तापले.

"अर्धा आणि तृतीयांश, तुकडे वेगवेगळ्या मापाचे. आधी एका मापाचे कर, मग मिळव. टाकी किती खोल?"

"सहा फूट."

"म्हणजे सहा सारखे तुकडे. अर्धी टाकी?"

"तीन."

"तृतीयांश?"

"दोन... पाच झाले! उरला एक!"

अविनाशने टाकीत काठी सोडली. "फूटभरच हाय, ताई."

चोरी झालीच नव्हती! शशिकलाताई अबीगेलबाईंकडे वळल्या. "बाई, एवढ्या जणांनी वाचलं. कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?"

"उत्तर सगळ्यांच्या मनासारखं होतं ना. आळ तुझ्या मजल्यावर आला असता तर तू तीनदा ताळा करून पाहिला असतास."

"चुकलं माझं, फरहा."

"इथे नको, ताई. जिथे चोर म्हणालात, तिथे लिहा."

त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "चोरी नाही. चूक माझी. फरहाची माफी मागते. सर्वात जास्त पाणी आमचीच ए विंग घेते. उद्यापासून आमची मोटर लवकर बंद होईल." या वेळी एकही अंगठा उमटला नाही. पण अविनाशने पाना पिशवीत टाकला होता.

मंडळी, बेरीज कुणाचीही चुकते. पण उत्तर सोयीचं आलं म्हणून ताळा न करता शेजाऱ्याच्या दारात पाना पाठवणं, ही चूक फक्त गणिताची राहत नाही!